काथो

वेंगुर्ल्यात, नवाबागेच्या अलीकडे
बर्फाच्या कारखान्याची एक बंद शेड होती.
मंगळवार-शुक्रवार पास्कू मास्तर तिथे
आम्हाला एकवीस हालचाली शिकवायचे.
बारा वर्षं बोटीवर आचारी होते.
कोबेच्या गोदीत कुणाकडून तरी शिकून आले
आणि एका जाड पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात तक्ता केला:
एक, डावीकडे वळा, खाली अडवा.
दोन, पाऊल पुढे, ठोसा.

आम्ही वळायचो, अडवायचो.
एक हात पुढे जायचा,
दुसरा झटक्यात कमरेशी यायचा, मूठ उताणी, कोपर मागे.
का, ते तक्त्यात नव्हतं.
"रीत आहे. दिसतं छान," मास्तर म्हणायचे.
आम्ही छान दिसायचो.

शेडीला दार नव्हतं. दाराच्या जागी
शेवंती मेतर जाळं सांधत बसायची.
अर्धं आयुष्य रापणीच्या दोरीवर गेलेलं.
एकदा म्हणाली, "हेका काय म्हणतत?"
"काता."
"काथो?" ती हसली. "मगे दोरी खंय आसा?"

आणि उठली. लुगडं खोचलं.
माझी कमरेशी आलेली मूठ धरून हलवली,
जशी मासळी दाबून बघतात.
"ह्यो हात रिकामो मागे कित्याक येता गो?
रिकामो हात ओढूक कोण येडो आसा?"

मास्तर काही बोलले नाहीत. शिट्टी खिशात घातली.

शुक्रवारी येताना वावभर दोरी घेऊन आले.
एक टोक माझ्या मुठीत, दुसरं ग्लेनच्या मनगटाला.
"वळ."
मी वळले, मूठ कमरेशी आली,
आणि ग्लेन आपल्या पायांनी चालत
माझ्या पुढच्या हातावर येऊन आदळला.
नाक धरून खाली बसला बिचारा.
मास्तरांनी तक्ता उतरवला,
"अडवा" खोडलं, वर लाल पेनाने लिहिलं
"ओढा?"
प्रश्नचिन्हासकट.

तो हंगाम आम्ही सगळं उलगडत काढलं.
डोक्यावर जाणारा हात हनुवटीखाली घुसला.
मागे वळायचं ते मागे कुणी आहे म्हणून नाही,
हातात आहे त्यालाच फिरवून पाडायला.
फक्त शेवटच्या चार हालचाली,
कोपऱ्यांकडे वळणाऱ्या, उघड्या तळव्याच्या,
त्यांच्यापुढे मास्तरांनी जागा कोरी सोडली.
ती कोरीच राहिली.

मी एसटीत लागले. कंडक्टर.
तुळसच्या चढावर, शेवटच्या गाडीत, एकाने मनगट धरलं.
सुट्टे मागायला नाही.
चौथी हालचाल अशासाठीच आहे,
हात गोल फिरवून सोडवायचा. मला माहीत होतं.
गोल फिरलाच नाही, पकड घट्ट होती.
मग दुसऱ्या हाताने त्याचंच मनगट धरलं
आणि रापण ओढली.
त्याचं कपाळ सीटच्या दांड्यावर वाजलं.
ड्रायव्हरने आतले दिवे लावले.
पुढच्या म्हातारबाबांना मी तेच तिकीट दोनदा फाडून दिलं.
बोटं ऐकत नव्हती.
तक्त्यात थरथर कुठेच लिहिली नव्हती.

शेडीत आता बोटींची इंजिनं दुरुस्त करतात.
मास्तर गेले. तक्ता माझ्याकडे आहे,
एका कोपऱ्याला वाळवी.
रात्रवस्तीच्या गावात, उभ्या गाडीच्या आडोशाला
मी एकवीस मोजते. एक कुत्रा बघत असतो.
संपतं तिथेच, जिथून सुरू केलं, असा नियम.
वाळूत ते जमत नाही,
दर वेळी वीतभर समुद्राकडे सरकलेली असते.

परवा शेवंतीला फोन लावला, ती मुलाकडे वास्कोला असते.
शेवटच्या चारांचं विचारलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"माका काय म्हायत? माझी रापण सरळ येता.
कोपऱ्यातला तू बघ.
आणि जेवलंस काय?"